‘नाही’ तीन प्रकारचं असतं

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाईंच्या यजमानांचं वय ४६. त्यांना ब्रुगाडा सिंड्रोम आहे, म्हणजे हृदयाच्या विजेतला दोष. हृदयाची रचना ठीकठाक असते, पण ठोके अचानक जीवघेणे बिघडू शकतात. छातीत आयसीडी, म्हणजे बिघडलेले ठोके ओळखून शॉक देणारं मशीन, बसवलेलं आहे. तरीही मागच्या वर्षी एका रात्रीत दोनदा शॉक बसला, तेव्हा डॉक्टरांनी क्विनिडिन सुरू केलं: २०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीन वेळा. तेव्हापासून मशीन गप्प आहे. आता नेहमीच्या औषधवाल्याने हात वर केले. बाईंनी आणखी अकरा दुकानं पालथी घातली, सगळीकडे ‘नाही’. इंटरनेटवर एक विक्रेता ‘चिठ्ठी लागत नाही, आठवड्यात घरपोच’ म्हणतोय, पण भाव आधीच्या सहापट. एक मुदत ठेव मोडून झाली आहे. नात्यातलं कुणी सांगतं, ‘क्विनीन घ्या, एकाच झाडाचं आहे.’ पुढचं त्यांच्याच शब्दांत: “गोळ्यांची डबी मीच भरते. गेले आठ दिवस तीनऐवजी दोनच ठेवतेय. यांना सांगितलं, डॉक्टरांनीच कमी केल्या. ३९ उरल्या आहेत. खर्च कळला तर हे औषधच बंद करतील, तसा स्वभाव आहे. आणि मशीन आहेच ना आत. मी चुकतेय का? शोधण्यात माझं काय राहिलं?”

तुमच्या पत्रातला ३९ हा आकडा मी कागदावर उतरवून घेतला आणि आधी हिशेबच केला. दिवसाला तीन घेतल्या तर १३ दिवस. दोन घेतल्या तर १९ दिवस आणि वर एक गोळी. म्हणजे इथून पुढच्या सगळ्या चोरट्या काटकसरीची कमाई सहा दिवस. झाल्या आठ दिवसांतली बचत आठ गोळ्या, जेमतेम पावणेतीन दिवसांची. यासाठी तुम्ही रात्रीची झोप, नवऱ्याशी खरं बोलणं आणि त्याच्या ठोक्यांची शाश्वती, तिन्ही पणाला लावलंय. सौदा महाग पडला.

रागावून म्हणत नाही. डबी भरणाऱ्या हाताला काय वाटतं ते मला माहीत आहे. माझ्या वडिलांच्या गोळ्या मी भरायचे, आणि पाकीट संपत आलं की ते स्वतःच गुपचूप अर्धी मोडून ठेवायचे. तुमच्याकडे हे काम उलट्या हाताने चाललंय, एवढाच फरक.

तर आज, हे उत्तर वाचून होईल तेव्हा, डॉक्टरांना फोन करा आणि एकच वाक्य सांगा: “आठ दिवसांपासून तीनऐवजी दोन गोळ्या जातायत, आणि १३ दिवसांचं औषध शिल्लक आहे.” मी डॉक्टर नाही, मात्रेबद्दल पुढचं ते सांगतील. कदाचित लगेच पूर्ववत करायला सांगतील, कदाचित ईसीजी काढायला बोलावतील. एक गंमत अशी की कमी मात्रेवरही काही ब्रुगाडा रुग्णांचं भागतं असे अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. म्हणजे ‘कमी चालेल का?’ हा तुमचा प्रश्न वेडगळ नाही. तो फक्त डबीला विचारून उपयोग नाही. डॉक्टर मात्रा कमी करतात तेव्हा ईसीजी पाहून, मशीनमधली नोंद पाहून करतात, आणि दिवसभरात औषध अंगात समान राहील अशी विभागणी करतात. क्विनिडिन शरीरात फार वेळ टिकत नाही. साधारण सहा ते आठ तासांत अंगातलं निम्मं उरतं, पुढच्या तेवढ्याच वेळात त्याच्याही निम्मं. चोवीस तासांत आठवा हिस्सा उरला तर पुष्कळ, कधी सोळावाच. त्यामुळे दुपारची गोळी गाळली की सकाळ ते रात्र असा मोठा खड्डा पडतो. आणि कुणी ‘एक दिवसाआड द्या’ असं सुचवलंच, तर तो दुसरा दिवस जवळपास बिनऔषधाचा असतो हे लक्षात ठेवा.

आता ‘मशीन आहेच ना आत’ याबद्दल. हे वाक्य तुमच्या पत्रात अगदी सहज आलंय, पण बाकीचं सगळं त्याच खुंटीवर टांगलेलं आहे. आयसीडी ठोके बिघडण्यापासून रोखत नाही. बिघडल्यावर ते शॉक देऊन ताळ्यावर आणतं. घर पेटल्यावर बंब येतो तसं. घर पेटू नये म्हणून जे करायचं ते क्विनिडिन करत होतं, आणि म्हणूनच मशीन वर्षभर गप्प होतं. बंब दाराशी उभा आहे म्हणून कुणी चुलीतलं लाकूड बाहेर ओढून ठेवत नाही. शॉक म्हणजे काय हे तुम्ही त्या रात्री पाहिलंय, मी वेगळं सांगायला नको. आणि शॉकवर शॉक बसत गेले तर त्याला डॉक्टर विजेचं वादळ म्हणतात. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा असं झालं तर ती सरळ अतिदक्षता विभागाची वेळ असते.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसेल. पुढच्या तपासणीत डॉक्टर मशीनची नोंद वाचतील. समजा तिच्यात एखादी गडबड दिसली. ते काय समजतील? तीन गोळ्या घेऊनही ठोके बिघडतायत, म्हणजे औषध लागू पडत नाही. मग ते मात्रा वाढवतील, किंवा औषधच बदलतील. चुकीच्या माहितीवर योग्य माणसाने घेतलेला निर्णय फार घातक असतो, कारण त्याच्यावर कुणी शंका घेत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न: शोधण्यात काय राहिलं. बारा दुकानं फिरून आल्यावर आपणच कमी पडलो असं वाटतं. पण तुम्ही ज्या औषधाच्या मागे आहात त्याची कथा ऐका. सिंकोनाच्या सालीतून हिवतापाचं क्विनीन निघतं, त्याच सालीतून क्विनिडिनही. १९१२ साली एका व्यापाऱ्याने वेंकबाख नावाच्या डच हृदयतज्ज्ञाला सांगितलं की माझी अनियमित नाडी मी क्विनीन घेऊन बंद करतो. डॉक्टरांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी तो नियमित नाडी घेऊन दारात हजर! पुढे १९१८ मध्ये जर्मनीत फ्राय नावाच्या डॉक्टरांनी सालीतली वेगवेगळी द्रव्यं तपासून पाहिली, तेव्हा या कामात क्विनिडिन सरस ठरलं. त्यानंतर कित्येक दशकं ते ठोक्यांचं प्रमुख औषध होतं. मग १९८९ मध्ये ‘कास्ट’ या मोठ्या चाचणीने दाखवलं की हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ठोके सुधारणारी काही औषधं दिली तर मृत्यू कमी होण्याऐवजी वाढतात. ती औषधं वेगळी होती, पण त्या गोतातल्या सगळ्याच औषधांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. क्विनिडिनबद्दलही तशीच शंका पुढे आली. मागणी आटली. जुनं, स्वस्त, बिनपेटंटचं औषध, गिऱ्हाईक मोजकं. कारखान्यांनी ते बनवणं सोडून दिलं, २००६ मध्ये एका बड्या कंपनीनेही. आणि नेमका तोवर याचा नवा उपयोग समोर आला होता: पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या भावांनी १९९२ मध्ये आठ रुग्णांवरून वर्णन केलेला तुमच्या यजमानांचा आजार. या आजारात ठोके बिघडवणारा जो विजेचा प्रवाह आहे, तोच क्विनिडिन अडवतं. अशी दुसरी सोयीची गोळी हाताशी नाही.

२०१३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. १३१ देशांतल्या डॉक्टरांना विचारलं होतं, तुमच्याकडे क्विनिडिन मिळतं का? सहज मिळतं असं १९ देशांनी सांगितलं. ९९ देशांत मिळतच नव्हतं. उरलेल्या १३ देशांत खास परवानगी काढून मिळत होतं, आणि त्याला ४ ते ९० दिवस लागत होते. तेव्हा बारा दुकानांत न मिळणं हा तुमच्या पायांचा दोष नाही. तेराव्या दुकानाची पायरी चढू नका. आधी मिळालेल्या ‘नाही’चा अर्थ लावा.

कारण औषधवाल्याचं ‘नाही’ तीन प्रकारचं असतं, आणि तिन्ही ऐकायला सारखीच लागतात. पहिलं: ‘माझ्या फळीवर नाही.’ महिन्याला एक गिऱ्हाईक असलेलं औषध कोण भरून ठेवेल? मुदत संपली की नुकसान त्याचं. इथे तुम्ही पुढच्या तीन महिन्यांची ऑर्डर आधी नोंदवली, थोडी आगाऊ रक्कम दिली, तर तोच दुकानदार मागवून देतो. दुसरं: ‘माझ्या घाऊक विक्रेत्याकडे नाही.’ दुकानदाराचे एक-दोनच घाऊक विक्रेते ठरलेले असतात. त्याने त्यांच्या संगणकावर पाहिलं, शून्य दिसलं, विषय संपला. दुसऱ्या घाऊक विक्रेत्याकडे माल पडून असू शकतो. मोठ्या रुग्णालयांची औषधालयं वेगळ्या वाटेने खरेदी करतात, तिथे विचारायला हवं. तिसरं: ‘या देशात ते बनत नाही किंवा विकायची परवानगीच नाही.’ इथे शंभर दुकानं फिरलात तरी हाती काही लागणार नाही. इथून पुढची वाट परवानगीची आणि आयातीची, आणि ती डॉक्टरांच्या सहीशिवाय सुरूच होत नाही.

म्हणून नेहमीच्या औषधवाल्याकडे पुन्हा जा, पण गर्दी नसेल तेव्हा. त्याला नीट विचारा: हे तुमच्याकडे संपलंय, वरून येत नाही, की बनणंच थांबलंय? शेवटचा माल कुठल्या कंपनीचा आला होता? कंपनीला किंवा वितरकाला फोन केलात तर ते काय सांगतील? बहुतेक औषधविक्रेते असा प्रश्न विचारला की खुर्ची पुढे ओढतात. आयुष्यभर त्यांना ‘आहे का? नाही? बरं’ एवढंच ऐकावं लागतं.

जाताना हातात एक कागद असू द्या. त्यावर ब्रँडचं नाव लिहू नका, किंवा लिहिलंत तर शेवटी. वर औषधाचं मूळ नाव, मग क्षार, मग किती मिलिग्रॅम, मग साधी गोळी की हळूहळू विरघळणारी, दिवसाला किती, आणि कुठल्या आजारासाठी. क्षाराचा मुद्दा बारीक वाटतो, पण फसगत नेमकी तिथेच होते. क्विनिडिन सल्फेट आणि क्विनिडिन ग्लुकोनेट अशी दोन रूपं बाजारात असतात. २०० मिलिग्रॅमच्या सल्फेटच्या गोळीत मूळ औषध सुमारे १६६ मिलिग्रॅम असतं, आणि ३२४ मिलिग्रॅमच्या ग्लुकोनेटच्या गोळीत सुमारे २०२. पाकिटावरचा आकडा पाहून कुणी ‘३२४ म्हणजे दीडपटीहून जास्त, अर्धी करून घ्या’ म्हणालं तर हिशेब पार चुकतो. त्यात ग्लुकोनेटची गोळी बहुधा हळूहळू विरघळणारी असते. तिची पूड केली तर सगळं औषध एकदम अंगात उतरतं. एक रूप मिळत नाही आणि दुसरं मिळतंय असं झालं तर ती चांगली बातमी आहे, पण अदलाबदलीचा हिशेब डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यायचा. काही देशांत हायड्रोक्विनिडिन नावाचं याचं सख्खं भावंड वापरतात. तेही चालेल का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर टिपून ठेवा, म्हणजे ऐनवेळी दुकानाच्या दारात उभं राहून ठरवावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही दुकानदाराच्या सांगण्यावरून करू नका: ‘हे नाही, पण याच गटातलं दुसरं आहे, ठोक्यांचंच आहे.’ रक्तदाबाच्या गोळीत असा बदल एखादवेळी खपून जातो. ब्रुगाडात नाही. फ्लेकेनाइड, प्रोकेनामाइड ही ठोक्यांचीच औषधं, पण या आजारात ती धोका वाढवतात. इतकी, की लपलेला ब्रुगाडा उघड करण्याच्या तपासणीत रुग्णालयात देखरेखीखाली असलीच औषधं टोचून ईसीजी पाहतात. ब्रुगाडाच्या रुग्णांनी टाळायच्या औषधांची यादी असते, भुलीच्या काही औषधांपासून मनोविकारांच्या काही गोळ्यांपर्यंत. ती डॉक्टरांकडून घ्या आणि त्याच कागदाच्या मागे लिहा.

क्विनीनचंही तसंच. तुमच्या नातेवाइकांना हसू नका, त्यांचा तर्क वेंकबाखच्या व्यापाऱ्याइतका जुना आहे. एकच झाड, एकच साल, आणि रेणूतले अणूही तेच. पण त्यांची मांडणी वेगळी. हृदयावरचं काम वेगळं, मात्रा वेगळी, आणि दोन्ही घेतली तर दुष्परिणामांची भर. क्विनीन म्हणजे स्वस्तातलं क्विनिडिन नव्हे, एवढं त्यांना प्रेमाने सांगा आणि विषय बदला.

मग तो सहापट भावाचा विक्रेता. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल ‘महाग आहे, म्हणजे निदान अस्सल तरी असेल’ असं एक वाक्य आहे. उलट आहे. दुर्मिळ औषध, घाबरलेलं गिऱ्हाईक आणि वाटेल तो भाव, बनावट माल खपवायला याहून चांगली जमीन सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ चा अंदाज असा की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं. डोकेदुखीची गोळी बनावट असेल तर तासाभरात कळतं, डोकं दुखतच राहतं. ठोक्यांची गोळी बनावट असेल तर काहीच जाणवत नाही, आणि ज्या दिवशी जाणवतं त्या दिवशी शॉक बसलेला असतो. ‘चिठ्ठी लागत नाही’ हे तो सोय म्हणून सांगतोय. मला त्यात एवढंच ऐकू येतं की हे औषध कुणाला जातंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सगळे ऑनलाइन विक्रेते वाईट असं मी म्हणत नाही. जो चिठ्ठी मागतो, परवाना क्रमांक दाखवतो, ज्याचा पत्ता खरा आहे आणि ज्याच्याकडे फोनवर बोलायला औषधविक्रेता आहे, त्याच्याकडून घ्या. पाकीट आलं की बॅच क्रमांक, उत्पादकाचं नाव आणि मुदत नेहमीच्या औषधवाल्याला दाखवा. नवा माल सुरू केल्यावर डॉक्टरांकडून एक ईसीजी काढून घ्या, जमलं तर रक्तातली औषधाची पातळीही.

याच आजाराच्या इतर कुटुंबांची ओळख असेल तर त्यांना जरूर विचारा, पण माहिती मागा. कुठल्या रुग्णालयातून मिळालं, कुठला अर्ज भरावा लागला, किती दिवस लागले. गोळ्या उसन्या मागू नका. क्षार कुठला, कशा साठवल्या होत्या, मुदत काय, हे चांगल्या मनाच्या माणसालाही सांगता येत नाही. शिवाय त्या दिल्या तर त्यांच्या डबीत खड्डा पडतो.

तिसऱ्या प्रकारचं ‘नाही’ निघालं तर सूत्रं डॉक्टरांकडे द्या. पुष्कळ देशांत एका विशिष्ट रुग्णासाठी बाहेरून औषध आणण्याची तरतूद असते. त्यासाठी लागतं: निदान, आधी काय दिलं होतं, शॉक कधी आणि किती बसले याची मशीनची नोंद, औषधानंतर काय फरक पडला, आणि पर्याय का नाही, याचं डॉक्टरांचं पत्र. तुमच्याकडे ‘औषधाआधी एका रात्रीत दोन शॉक, औषधानंतर वर्षभर शून्य’ हा पुरावा आहे. याहून बोलका कागद क्वचितच कुणाच्या फाइलीत असतो. ठोक्यांच्या विजेचा विभाग असलेल्या रुग्णालयात तुमच्यासारखे आणखी चार-पाच रुग्ण असण्याचा संभव असतो. रुग्णालयाने सगळ्यांचं मिळून मागवलं तर वाहतुकीचा आणि परवानगीचा खर्च वाटला जातो. डॉक्टरांना हे थेट सुचवा. ‘औषध आणणं हे डॉक्टरांचं काम थोडंच आहे’ असं तुम्हाला वाटत असेल. लिहून देणं हे काम असेल, तर लिहिलेलं मिळत नाही हे ऐकणंही त्यांचंच काम. आणि न मिळण्याची वेळ लांबणार असेल तर हृदयाच्या बाहेरच्या बाजूने दोषी भाग निकामी करण्याची अॅब्लेशनची प्रक्रिया, किंवा सिलोस्टाझोलसारखी काही ठिकाणी वापरली गेलेली दुसरी औषधं, असे पर्याय त्यांच्या मनात असतील. त्यांना तुटवडा माहीत असेल तरच ते तोंड उघडतील.

पैशांचं बोलू. औषध स्वतः जुनं आणि बनवायला फार महाग नाही. तुम्ही जे देताय ते बरंचसं रस्त्याचं भाडं आहे: आयात, वाहतूक, मधला माणूस. म्हणून बिल मागा आणि त्याचे तुकडे करून पाहा. रस्त्याचा खर्च दर फेरीला लागतो, तेव्हा महिन्याचं आणण्यापेक्षा तीन महिन्यांचं एकदम आणलेलं परवडतं. तुमच्या यजमानांना औषध सोसतं, त्यामुळे तुम्हाला हे चालेल. पण हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे क्विनिडिन नव्याने सुरू होणार असेल तर आधी थोडंच आणा. बऱ्याच जणांना सुरुवातीलाच जुलाब होतात, इतके की औषध सोडावं लागतं, आणि सहा महिन्यांचा साठा कपाटात पडून राहतो.

विमा असेल तर ‘हे औषध यादीत नाही’ हे पहिलं उत्तर शेवटचं मानू नका. नकार लेखी मागा, आणि त्यावर डॉक्टरांचं तेच पत्र जोडून फेरविचाराचा अर्ज करा. त्यात एक ओळ अवश्य असू द्या: औषधाविना बसणाऱ्या प्रत्येक शॉकमागे रुग्णालयात भरती, तपासण्या आणि मशीनच्या बॅटरीची झीज आहे. भावनेपेक्षा ही ओळ त्यांच्या टेबलावर जास्त वजनदार ठरते. रुग्णालयात समाजसेवा विभाग असेल तर तिथे बसणाऱ्या व्यक्तीला अर्धा तास मागा; कुठला निधी कुणाला मिळतो हे डॉक्टरांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. उत्पादक कंपनी रुग्णांना सवलत देते का, हेही एक पत्र टाकून विचारता येतं. मुदत ठेव मोडण्याआधी हे सगळं व्हायला हवं होतं, पण मोडली ती मोडली. दुसरी मोडू नका, निदान या महिन्यात तरी.

परवानाधारक औषधनिर्माता कच्च्या पुडीपासून कॅप्सूल बनवून देतो, अशी सोय काही ठिकाणी असते. डॉक्टरांची संमती आणि क्षाराचा नेमका हिशेब असेल तर तोही रस्ता आहे. मी तो शेवटी ठेवेन, कारण एकेका कॅप्सूलमध्ये औषध सारखं भरलं गेलंय की नाही हे घरी तपासता येत नाही.

एवढी दारं ठोठावताना एक काळजी घ्या. चार ठिकाणांहून औषध आणलं की यजमानांच्या बाकीच्या गोळ्या कुणालाच एकत्र दिसत नाहीत. क्विनिडिन बऱ्याच औषधांत लुडबूड करतं. डिगॉक्सिन या हृदयाच्याच दुसऱ्या औषधाची रक्तातली पातळी तर जवळपास दुपटीवर नेतं. म्हणून तो कागद. त्यावर सगळ्याच गोळ्या लिहा.

आता यजमानांचं. ‘खर्च कळला तर हे औषध बंद करतील’ असं तुम्ही लिहिलंय. असेल. पण हे त्यांनी तुम्हाला कधी म्हटलंय, की त्यांच्या वतीने तुम्हीच ठरवलंय? मला पत्रावरून दुसरं जास्त वाटतं. आणि ते म्हणाले तरी, त्या रात्री शॉक त्यांना बसला होता. औषध सोडणं म्हणजे काय, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा नेमकं माहीत आहे. शिवाय हे गुपित फार दिवस टिकणारही नाही: आयातीचा अर्ज, विम्याचा फेरविचार, निधीचा अर्ज, बहुतेक ठिकाणी सही रुग्णाची लागते.

सांगताना खर्चापासून सुरुवात करू नका. आधी गोळ्यांचं सांगा, की मी घाबरले आणि तीनच्या दोन केल्या. ते चिडतील, एखादा दिवस बोलणार नाहीत. मग त्यांच्याकडे काम सोपवा. इतके दिवस डबी तुम्ही भरलीत. कंपनीला पत्र लिहिणं, घाऊक विक्रेत्यांना फोन लावणं हे ४६ वर्षांच्या माणसाला बसल्या जागी जमतं. स्वतःच्या औषधामागे स्वतः लागलेला माणूस ते सहजासहजी बंद करत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

आणि एवढं करूनही गोळ्या मध्येच संपल्या तर? ही योजना आज डॉक्टरांशी बोलतानाच लिहून घ्या. ताप आला तर ब्रुगाडात ठोके बिघडण्याचा धोका वाढतो, म्हणून तापाची गोळी लगेच द्यायची, अंगावर काढायचा नाही. दारू नको. जुलाब सुरू झाले तर पोटॅशियम घसरतं, तेही कळवायचं. एक शॉक बसून माणूस ठीक असेल तर डॉक्टरांना फोन. पाठोपाठ दुसरा बसला, किंवा एकानेच शुद्ध गेली, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय. औषध चालू असताना कानात गुणगुण, अंगावर कारण नसताना निळे डाग, चक्कर, यातलं काहीही दिसलं तरी कळवायचं.

पुढच्या खेपेसाठी मनातली घंटा हलवा. तुमची घंटा ३९ गोळ्यांवर वाजली. परवानगीच्या वाटेने औषध यायला ९० दिवसही लागू शकतात, म्हणजे दिवसाला तीन धरून २७० गोळ्या हातात असताना पुढची मागणी गेलेली हवी. हा आकडा डबीच्या झाकणावर चिकटपट्टीने लावून ठेवा, दोघांनाही दिसेल असा.

डॉक्टरांचा फोन लागला नाही तर त्यांच्या साहाय्यकाकडे तेच एक वाक्य ठेवा, जसंच्या तसं, आठ दिवस आणि दोन गोळ्या धरून. आणि शक्य असेल तर फोन करताना यजमानांना शेजारी बसवा, म्हणजे ते दोनदा सांगावं लागणार नाही.